वजनकाटा बाजूला ठेवून व्यायाम: काय मोजायचं, किती करायचं, कुठे चुकतं

कट्ट्यावरून (धागाकर्ता)

जानेवारीच्या मॅरेथॉनच्या सुमारास शिवाजी पार्काच्या कट्ट्याभोवती चालणारे वाढतात आणि होळीपर्यंत पांगतात. सोडून देणाऱ्यांचं कारण बहुधा एकच असतं: दीड महिना केलं, काटा हलला नाही, पोट आहे तिथेच आहे. त्या दीड महिन्यात बीपी किती उतरलं, जिना चढताना दम कितव्या मजल्यावर लागतो, जेवणानंतरची साखर कितीवर आली, हे कोणी पाहिलेलंच नसतं. आधीचा आकडा लिहून ठेवलेला नसेल तर नंतरचा कशाशी ताडणार? म्हणून हा धागा. दंड फुगवणं, सिक्स पॅक, लग्नाआधीचे दहा किलो हे विषय कृपया इथे नकोत.

आरसा फसवतो ह्याचे दोन जुने दाखले. १९५३ साली जेरी मॉरिस आणि सहकाऱ्यांनी लंडनच्या बसचालक आणि वाहकांचा अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये छापला. चालक दिवसभर बसून. वाहक डबलडेकरच्या दिवसाला ५०० ते ७५० पायऱ्या चढणारा. बेस्टच्या जुन्या डबलडेकरचा तो अरुंद, वळणाचा जिना ज्यांनी चढलाय त्यांना ही मेहनत लगेच कळेल. वाहकांमध्ये हृदयविकार कमी निघाला. मग प्रश्न आला की वाहक मुळात सडपातळ होते म्हणून तर नव्हे? तेव्हा गणवेशाच्या पॅन्टच्या कंबरेची मापं तपासली गेली. चालकांच्या कंबरा मोठ्या होत्या खऱ्या, पण सडपातळ असो की पोट सुटलेला, वाहकाचा धोका चालकापेक्षा कमीच राहिला.

दुसरा दाखला आपल्या घरचा. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन ह्यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय (उंचीच्या प्रमाणात वजन) सारखाच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. बारीक दिसणाऱ्या भारतीय माणसाच्या पोटात चरबी लपलेली असू शकते, आणि काटा त्यावर काहीच बोलत नाही.

तर आजच वहीत पाच आकडे लिहा.

कंबर: पँटच्या मापाने नव्हे. शेवटची बरगडी आणि खुब्याचं वरचं हाड ह्यांच्या बरोबर मध्ये टेप धरायची, श्वास सहज सोडून. भारतीयांसाठी पुरुषांना ९० सेंमी आणि स्त्रियांना ८० सेंमी ही सीमा धरतात.

सकाळची नाडी: अंथरुणातून उठण्याआधी, ३० सेकंद मोजून दुप्पट. तीन दिवसांची सरासरी.

बीपी: दंडावर पट्टा बांधायचं यंत्र घ्या. पाठ टेकून, पाय जमिनीवर, पट्टा छातीच्या पातळीला, आधी पाच मिनिटं गप्प बसून. त्याआधी अर्धा तास चहा नको. मोजताना बोललं तरी आकडा वाढतो. दोनदा मोजा.

खुर्ची: सुमारे १७ इंच उंचीची, भिंतीला टेकवलेली. हात छातीवर एकमेकांवर आडवे धरून ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते मोजा. साठ ते चौसष्ट वयाच्या पुरुषांना १४ आणि स्त्रियांना १२ च्या खाली आलं तर पायांची ताकद कमी आहे. ६५ ते ६९ ला हीच सीमा १२ आणि ११, ७० ते ७४ ला १२ आणि १०.

एका पायावर १० सेकंद: ओट्याजवळ उभं राहून, हात न टेकता, डोळे उघडे.

मधुमेह किंवा त्याच्या उंबरठ्यावर असाल तर एचबीएवनसी (दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) सहावा आकडा. हे सगळं पुन्हा १२ आठवड्यांनी बघा, त्याआधी नको. तांबड्या पेशीचं आयुष्य साधारण १२० दिवसांचं, त्यामुळे एचबीएवनसीला महिन्याभरातला बदल पुरता दिसतच नाही.

नाडी_७२

फार गरजेचा धागा. मात्रेबद्दल लिहितो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये सांगितलेलं प्रमाण असं: आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम जोराचा व्यायाम, किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरदार, आणि शिवाय दोन दिवस ताकदीचा व्यायाम. हे 'शिवाय' लोक वाचतच नाहीत. फक्त चालून अर्धंच काम होतं.

मध्यम म्हणजे काय? चालताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता येता कामा नये. गाता येत असेल तर वेग वाढवा, चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर तो जोरदार झाला. पावलांनी मोजायचं तर मिनिटाला १०० पावलं ही मध्यम व्यायामाची खालची पायरी. नाडीने मोजायचं तर २०८ मधून वयाचा ०.७ पट वजा करा. पन्नाशीच्या माणसाला १७३ येतात. त्याच्या ६४ ते ७६ टक्के, म्हणजे साधारण १११ ते १३१. हे सूत्र सरासरीचं आहे, माणसागणिक दहा-बारा ठोके इकडेतिकडे होतात, त्यामुळे बोलण्याची कसोटीच जास्त भरवशाची. बीटा ब्लॉकर गोळ्या (मेटोप्रोलोल, अ‍ॅटेनोलोल वगैरे) चालू असतील तर नाडीचा हिशोब सोडूनच द्या. नाडी वाढतच नाही आणि माणूस उगाच जोर लावत राहतो.

मरीन ड्राइव्हची पूर्ण लांबी साडेतीन किलोमीटरच्या आसपास आहे. नरिमन पॉइंटहून चौपाटीपर्यंत ४० मिनिटांत पोहोचलात तर वेग मध्यम आहे. तासभर लागला तर ते फिरणं. फिरणंही चांगलंच, पण १५० मिनिटांत धरू नका. रानडे रोडवरची संध्याकाळची खरेदीही धरू नका, तिथे सलग पन्नास पावलंही एका वेगाने पडत नाहीत.

दहा हजार पावलांचं: तो आकडा १९६५ मध्ये जपानात विकायला आलेल्या पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून आला. २०१९ च्या एका मोठ्या अभ्यासात वयस्कर स्त्रियांना ४,४०० पावलांपासूनच फायदा दिसला आणि ७,५०० च्या आसपास तो सपाट झाला. त्यामुळे साडेचार हजारांवर असलेल्यांनी निराश होऊ नका.

अजिबात सवय नसेल तर सुरुवात रोज १० मिनिटं दोनदा. दर आठवड्याला एकूण वेळ साधारण दहावा हिस्सा वाढवा. आधी मिनिटं वाढवा, मग वेग, चढ सगळ्यात शेवटी. तिन्ही एकदम वाढवलं की नडगी नाहीतर टाच धरते.

लोकल_८_१२

विरार, बदलापूरकडून येणाऱ्यांचे जाऊन-येऊन चार तास प्रवासात जातात. १५० मिनिटं कुठून काढायची? आणि गाडीत उभं राहणं मोजायचं का?

नाडी_७२

गाडीत उभं राहणं बसण्यापेक्षा बरं आणि तोल सांभाळायचा सरावही होतो, पण नाडी वाढत नाही. ते धरू नका.

पूर्वी सलग १० मिनिटं झाली तरच मोजा असं सांगत, २०२० पासून ती अट गेली. त्यामुळे तुकडे चालतात. शेअर रिक्षा सोडून स्टेशन ते घर १२ मिनिटं, दुपारी जेवल्यावर १०, असे सोमवार ते शुक्रवार ११० मिनिटं सहज होतात. उरलेली ४० रविवारी. दोनच दिवसांत सगळी १५० मिनिटं करणाऱ्यांनाही रोज करणाऱ्यांइतकाच फायदा दिसल्याचे अभ्यास आहेत. फक्त पाच दिवस बसून काढल्यावर रविवारी एकदम दोन तास टर्फवर फुटबॉल खेळू नका. पोटरी आणि घोट्यामागची नस तिथेच फाटते. आधी दहा मिनिटं अंग गरम करा.

चाळकरी

ताकदीच्या व्यायामाबद्दल कोणी सविस्तर लिहील का? दहा बाय बाराची खोली, त्यात पलंग आणि कपाट. जिमची फी नको आणि तिथल्या आरशांसमोर उभं राहायचंही नाही.

जोर_बैठक

चाळकरी, एवढी जागा पुरते. नीट लिहितो, कारण ह्याच भागाकडे सर्वात जास्त दुर्लक्ष होतं. पस्तिशीनंतर स्नायू हळूहळू घटत जातात, आणि जेवणातली साखर शोषून घेण्याची सर्वात मोठी जागा स्नायूच आहे. २०१५ मध्ये 'लॅन्सेट'ला आलेल्या १७ देशांच्या अभ्यासात (भारतही त्यात होता) हाताच्या पकडीची ताकद ५ किलोने कमी असली तर मृत्यूचा धोका १६ टक्के जास्त दिसला. पकड हे सबंध अंगातल्या ताकदीचं माप आहे, नुसता चेंडू दाबून धोका कमी होणार नाही.

सामान: बिनहाताची खुर्ची, पाठीवरची सॅक, तांदळाच्या किंवा आट्याच्या ५ किलोच्या दोन पिशव्या. पाण्याची एक लिटरची बाटली म्हणजे एक किलो, म्हणजे हलकं वजनही घरात आहेच.

सहा हालचाली.

१. खुर्चीवरून उठ-बस. पाय खांद्याइतके लांब, टाचा जमिनीला. खाली यायला तीन सेकंद, धपकन बसायचं नाही. खाली येतानाच जास्त काम होतं. जमायला लागलं की खुर्चीऐवजी बुटकं स्टूल, मग पाच किलोची पिशवी छातीशी कवटाळून. चूक कुठे होते: उठताना गुडघे आत एकमेकांकडे झुकतात. ते पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत ठेवा. गुडघा बोटांच्या थोडा पुढे गेला तर बिघडत नाही, टाच उचलली गेली तर मात्र वजन चुकीच्या जागी गेलंय.

२. जोर. आधी भिंतीवर, पाय दोन फूट मागे. मग ओट्यावर, मग पलंगाच्या लोखंडी कडेवर, शेवटी जमिनीवर. ओटा कोरडा करून घ्या. कोपरं अंगापासून ४५ अंशांत, अगदी आडवी पसरली की खांदा धरतो. कंबर झुलायला लागली की तो फेरा संपला.

३. ओढणं. हे सगळ्यात जास्त राहून जातं. एक हात खुर्चीवर टेकून, पाठ सपाट ठेवून, दुसऱ्या हाताने भरलेली सॅक कमरेकडे ओढायची, कोपर मागे. मान वाकवून मोबाइल बघणाऱ्यांनी जोरांपेक्षा हे एक आवर्तन जास्त करावं.

४. कमरेतून वाकणं. दोन्ही हातांत सामान असताना दार पार्श्वभागाने मागे लोटतो, तशी हालचाल. गुडघे थोडे सैल, पाठ सपाट, पिशवी मांड्यांना घासत गुडघ्यांपर्यंत. मांडीच्या मागे ताण यायला हवा. ताण कमरेत येत असेल तर पाठ गोल झाली आहे. पाण्याची बादली उचलताना कंबर वाचते ती ह्याच हालचालीने.

५. टाचा उचलणं. जिन्याच्या पायरीच्या कडेवर, कठड्याला धरून, १५ ते २०. वर एक सेकंद थांबा.

६. वजन घेऊन चालणं. दोन्ही हातांत पाच-पाच किलो, चाळीच्या गॅलरीत ३० ते ४० सेकंद, खांदे मागे. पकडीचा सगळ्यात सोपा व्यायाम हाच.

पहिले दोन आठवडे प्रत्येकी १० ते १२ चे दोन फेरे, मध्ये ६० ते ९० सेकंद विश्रांती. तिसऱ्या आठवड्यापासून तीन फेरे. आठवड्यातून दोन दिवस, मध्ये किमान ४८ तास. दोन फेऱ्यांचं ३० मिनिटांच्या आत होतं, तिसऱ्याला थोडा जास्त वेळ. फेरा संपताना आणखी दोन-तीन जमले असते असं वाटलं तर वजन बरोबर. पंधरा सहज होऊ लागले की पुढची पायरी. हे पुढे जाणं महत्त्वाचं. वर्षभर त्याच बारा, त्याच वजनाने केल्या तर शरीराला बदलायचं कारणच उरत नाही.

श्वास: जोर लावताना सोडा, परतताना घ्या. धरून ठेवला की बीपी क्षणात उसळतं. मोठ्याने आकडे मोजले की श्वास आपोआप सुटत राहतो.

दुखणं: स्नायू दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ठणकतात आणि ओसरतात, ते ठीक. सांध्यात एका जागी टोचणारं किंवा वाढत जाणारं दुखणं वेगळं. आणि पहिल्याच दिवशी शंभर बैठका मारू नका. सवय नसलेले स्नायू एकदम फाटले की त्यातलं द्रव्य रक्तात उतरतं, लघवी चहा-कोलाच्या रंगाची होते आणि मूत्रपिंडावर बेततं. तसा रंग दिसला तर वाट बघायची नाही, त्याच दिवशी हॉस्पिटल.

चाळकरी

खूप आभार. रोज १२ सूर्यनमस्कार घालत असल्यास हे वेगळं करावं लागेल का?

जोर_बैठक

सूर्यनमस्कार चालू ठेवा. औंधच्या पंतप्रतिनिधींनी त्यांचा एवढा प्रसार केला तो अनाठायी नव्हता: पाठ, खांदे, मांडीमागचे स्नायू मोकळे राहतात आणि वेगाने घातले तर दमही वाढतो. पण त्यात ओढण्याची हालचाल नाही आणि वजन वाढवायची सोय नाही. वरच्यातले ३ आणि ६ जोडा. मनगट दुखत असेल तर मुठी टेकून घाला. बीपी ताब्यात नसेल तर डोकं खाली जाणाऱ्या स्थितीत थांबू नका.

साखर_वही

जोर_बैठक यांनी स्नायू आणि साखरेचं जे लिहिलं आहे ते थोडे पुढे नेते.

स्नायू आकुंचन पावतो तेव्हा ग्लूट-४ नावाची वाहक प्रथिने पेशीच्या पृष्ठभागावर येतात आणि रक्तातली साखर आत घेतात. ह्याला इन्सुलिन लागत नाही. म्हणूनच इन्सुलिनला दाद न देणाऱ्या शरीरातही चालण्याचा परिणाम त्याच दिवशी दिसतो, वजन एक ग्रॅमही न उतरता. हा परिणाम एक-दोन दिवसांत ओसरतो. त्यामुळे सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खंड पडू देऊ नये.

वेळ कोणती? सर्वात स्वस्त उपाय म्हणजे जेवण झाल्यावर १० ते १५ मिनिटे चालणे. रात्रीच्या जेवणानंतर तर नक्कीच, कारण मुंबईत ते उशिरा होते आणि लगेच आडवे होण्याची सवय असते. सोसायटीच्या आवारात सात-आठ फेऱ्या पुरेत. वेगाची गरज नाही.

औषधे चालू असणाऱ्यांसाठी: इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड असल्यास चालण्याआधी साखर मोजा. १०० च्या खाली असेल तर १५ ग्रॅम कार्बोदके घेऊन निघा. लहान केळे किंवा तीन ग्लुकोज बिस्किटे साधारण तेवढी होतात. खिशात साखर हवीच. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी ही खूण. पण बीटा ब्लॉकरवर थरथर आणि धडधड जाणवत नाही, फक्त घाम येतो. मुंबईत घाम तसाही येतो, म्हणून अशांनी अंदाजावर राहू नये. नुसत्या मेटफॉर्मिनवर असणाऱ्यांना हा धोका फारसा नाही.

पाय रोज रात्री पाहा. तळवा दिसत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवा. मोजे सुती नकोत, ओले राहतात. घाम बाहेर काढणारे घ्या. वाळूत अनवाणी चालू नका. जुहूच्या वाळूत काचही असते आणि बधिर पायाला ती कळत नाही. डोळ्यांच्या पडद्यावर नव्या रक्तवाहिन्या वाढल्याचे निदान असेल तर वजन उचलण्याआधी नेत्रतज्ज्ञांना विचारा.

फक्त_वाचक

उपाशीपोटी जोरात चालून आल्यावर साखर वाढलेली दिसते असं बरेच जण सांगतात. मग ते वाईट का?

साखर_वही

वाईट नाही. पहाटे शरीर स्वतःच यकृतातून साखर सोडते आणि जोरदार व्यायामात अ‍ॅड्रिनलिनमुळे आणखी सुटते. तास-दोन तासांत ती खाली येते. लगेच मोजून घाबरू नये. हळू चालून पाहा किंवा न्याहारीनंतर चाला, आणि निर्णय एचबीएवनसीवर घ्या.

सातवा_मजला

गुडघेदुखी असणाऱ्यांनी जिने पूर्ण बंद करावेत असं डॉक्टर सांगतात. इथे तर जिने चढणाऱ्या बसवाहकांचा दाखला दिलाय.

सांधे_सवळे

सरसकट बंद करायची गरज नसते. चढणं आणि उतरणं ह्यांत फरक करा. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणत ताणत वजन धरतो आणि वाटीमागचा दाब वाढतो. त्यामुळे दुखणाऱ्या गुडघ्याला चढ परवडतो, उतार नाही. स्टेशनांवर सरकते जिने बहुतेक वर जाणारे असतात आणि लोक उतरताना साधा जिना घेतात, म्हणजे गुडघ्याच्या सोयीच्या बरोबर उलट. इमारतीत मात्र ते आपल्या हातात आहे: वर पायी, खाली लिफ्टने. सात मजले एकदम नकोत. दोन मजले पायी, पुढे लिफ्ट. दर आठवड्याला एक मजला वाढवा. पूर्ण पाऊल पायरीवर ठेवा, पुढे किंचित झुका, कठड्याला हात लावा.

उतरावंच लागलं तर दुखरा पाय आधी खाली. चढताना चांगला पाय आधी वर.

किती दुखलेलं चालेल? शून्य ते दहामध्ये तीनपर्यंत, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पूर्वपदावर यायला हवं. नाही आलं तर पुढच्या वेळी निम्मं करा, बंद करू नका. झीज झालेल्या गुडघ्याचं दुखणं मांडीची ताकद वाढल्यावर कमी होतं, हे पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे. सुरुवातीला: पलंगावर बसून पाय सरळ करून ५ सेकंद धरा, १० वेळा, दोन्ही पाय, रोज. दोन आठवड्यांनी जोर_बैठक यांची पहिली हालचाल, पण उंच खुर्चीवर उशी ठेवून. गुडघा सुजला, अडकला किंवा अचानक लचकून सुटत असेल तर आधी दाखवा.

नाडी_७२

बीपीसाठी एक जोड. भिंतीला पाठ टेकून, खुर्ची नसताना बसल्यासारखं स्थिर राहणं. २ मिनिटांचे चार फेरे, मध्ये २ मिनिटं विश्रांती, आठवड्यातून तीन दिवस. २०२३ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं तेव्हा बीपी उतरवण्यात असे स्थिर व्यायाम सर्वांत पुढे निघाले. मांडी जमिनीला समांतर करायचा हट्ट नको, दोन मिनिटं टिकेल एवढंच खाली जा. गुडघा दुखत असेल तर आणखी वर. श्वास चालू. फरशी ओली नको, पायात मोजे नकोत, घसरतं. बीपी १८०/११० च्या वर असेल तर आधी औषध, मग हे. आणि हे केलं म्हणून गोळी स्वतःहून बंद करायची नाही.

समुद्रवारा

हवामानाचं कोणी लिहिलं नाही म्हणून.

मुंबईत त्रास तापमानापेक्षा दमटपणाचा. घाम येतो पण वाळत नाही, त्यामुळे अंग थंड होत नाही आणि त्याच वेगाला नाडी जास्त पळते. मे आणि ऑक्टोबरमध्ये वेग कमी करा, बोलण्याची कसोटी धरा, घड्याळाची नको. तासाच्या आतल्या चालण्याला साधं पाणी पुरतं. जास्त वेळ असेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मीठ अंदाजाने जास्त टाकू नका. बीपीवाल्यांनी हे रोजचं पेय करू नये.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी वारा पडतो आणि पहाटे थंड हवेचा थर जमिनीलगत बसतो. धूळ-धूर त्यातच अडकतो. 'सकाळची शुद्ध हवा' तेव्हा नसते. एक्यूआय (हवेच्या प्रदूषणाचा आकडा) बघून निघा. १०० पर्यंत बिनधास्त. १०१ ते २०० मध्ये दमा किंवा हृदयविकार असणाऱ्यांनी वेग कमी करावा. २०० च्या वर घरातला ताकदीचा व्यायाम. तो दिवस वाया गेला असं समजू नका, आठवड्यात दोन दिवस ते करायचंच आहे. बांधकामाच्या बाजूने आणि हायवेलगत चालणं टाळा, एक गल्ली आत शिरलात तरी फरक पडतो.

पावसाळ्यात: साचलेल्या पाण्यातून चालावं लागलं आणि पायाला जखम असेल तर लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस ह्या तापाचा) धोका असतो, लवकर डॉक्टरांकडे जा. ताप असताना व्यायाम नाही. डेंग्यू, कोविडनंतर ताप उतरून ताकद येईपर्यंत थांबा आणि निम्म्यापासून सुरू करा. छाती धडधडत राहिली तर दाखवा.

सांधे_सवळे

धोक्याच्या खुणा ठळक असाव्यात. चालताना छातीवर दाब येतो, थांबल्यावर जातो, पुन्हा चालल्यावर येतो: हे गॅस म्हणून सोडू नका. जबडा, डावा हात, पाठीच्या मधोमध दुखणं, अचानक थंड घाम, डोळ्यांपुढे अंधारी, ह्यातही तेच. स्त्रियांमध्ये आणि मधुमेहींमध्ये नुसता दम आणि विलक्षण थकवा एवढंच असू शकतं. दाब १० मिनिटांत गेला नाही तर १०८. रिक्षा शोधत स्वतः चालत जाऊ नका.

चाळिशी ओलांडलेली, तंबाखू किंवा बीपी-साखर आहे, आणि थेट पळायचं आहे, अशांनी आधी तपासणी करावी. चालण्यापासून सुरू करणाऱ्यांना बहुधा त्यासाठी अडून राहायची गरज नसते. आणि एकदम थांबू नका: शेवटची पाच मिनिटं हळू चाला. पायांत साचलेलं रक्त वर येत नाही तेव्हाच लोक व्यायामानंतर चक्कर येऊन पडतात.

फक्त_वाचक

सत्तरीपुढच्या आई-वडिलांसाठी ह्यातलं काय घ्यावं? पडण्याची भीती असते, म्हणून ते चालणंही कमी करतात.

सांधे_सवळे

पडण्याच्या भीतीने चालणं कमी होतं, त्याने पाय आणखी कमजोर होतात आणि मग खरंच पडतात. त्यांना आधी तोल द्या, मग लांब चालणं. पासष्टीनंतर तोलाचा व्यायाम आठवड्यातून तीन दिवस सांगितलेला आहे.

ओट्याला दोन्ही हात लावून उभं राहायचं. पहिल्या आठवड्यात एका पायाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला लावून ३० सेकंद, मग पाय बदलून. जमलं की एकच हात, मग दोन बोटं. तिसऱ्या आठवड्यात ओट्याच्या कडेने टाचेला अंगठा लावत दहा पावलं, नजर समोर, पायांकडे नाही. चौथ्यात एका पायावर, जमेल तितके सेकंद. डोळे मिटायचे नाहीत. बरोबर खुर्चीची उठ-बस, हाताचा आधार घेऊन चालेल, ५ पासून सुरू.

बीपीच्या गोळ्या घेणाऱ्यांनी उठल्यावर लगेच चालू नये. पलंगाच्या कडेवर मिनिटभर बसावं, घोटे दहा वेळा वर-खाली करावेत, मग उभं राहावं. पायात सैल स्लीपर नकोत, मागे पट्टा असलेली चप्पल घ्या. प्रथिनंही बघा: ५० किलोच्या माणसाला ह्या वयात रोज ५० ते ६० ग्रॅम लागतात आणि चहा-खारीवर संध्याकाळ काढणाऱ्यांची ती निम्मीही होत नाहीत. दोन्ही वेळेला घट्ट वरण, एक वाटी दही, मूठभर फुटाणे. खात असतील तर एक अंडं किंवा मासे. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हे प्रमाण डॉक्टरांकडून घ्यावं.

पहिले दोन आठवडे घरातलं कोणीतरी बाजूला, अर्ध्या हाताच्या अंतरावर, कमरेच्या किंचित मागे उभं राहा. दंडाला धरून ठेवू नका. धरलं की तोल ते तुमच्यावर टाकतात आणि स्वतः शिकत नाहीत. वेळ सकाळी अकराची ठेवा, लादी पुसून वाळल्यावर.